ओताकू मुलगी प्रेमात पडते, तेव्हा तिच्या छंदाचं काय होतं?

ओताकू म्हणजे बहुतेकदा मांगा (जपानी चित्रकथा), अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) अशा छंदात बुडालेला माणूस. प्रश्न आलाय तो असा: "रोमँटिक कॉमेडी मांगांमध्ये ओताकू मुली दिसतात, त्या खऱ्या असतात का? मला तर सगळीकडे तेच दिसतं. जाड चष्मा, ट्रॅकसूट, खोलीभर पोस्टर, आणि मग कुणीतरी चष्मा काढला की एकदम सुंदर! याच्या पलीकडचं काही आहे का? असेल तर कुठून सुरुवात करू?" विचारणारीचं जपानी एन-३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पर्यंत झालंय, असंही तिने लिहिलंय.

आहे, पुष्कळ आहे. मी पुण्यात जपानी शिकवते, भाषांतराची कामं करते आणि वरच्या वर्गांकडून मांगा वाचून घेते. त्यामुळे या गोष्टींशी माझा रोजचाच संबंध येतो. माझं मत आधीच सांगून टाकते. चष्म्याकडे फार लक्ष देऊ नका, तो जवळपास सगळ्याच कथांत असतो. मुलगी प्रेमात पडल्यानंतर लेखक तिच्या छंदाचं काय करतो, ते बघा. प्रियकराने मोठ्या मनाने पोटात घालायचा दोष म्हणून तो छंद उरतो का? की तिचा वेळ, पैसा, मैत्रिणी, रात्रीची झोप हे सगळं ज्यात गुंतलंय ते तिचं आयुष्य म्हणून तसाच चालू राहतो? माझ्या मते या एका प्रश्नावर चांगली कथा आणि सामान्य कथा वेगळ्या काढता येतात.

थोडी पार्श्वभूमी हवी, कारण ओताकू म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अकिहाबारा या तोक्योतल्या ओताकू बाजारातला मुलगाच येतो. कॉमिकेट हा हौशी मांगाचा सगळ्यात मोठा मेळावा पहिल्यांदा भरला २१ डिसेंबर १९७५ रोजी, तोक्योच्या तोरानोमोन भागातल्या एका सभागृहात. हौशी मांगाकारांची ३२ मंडळं आणि साधारण ७०० माणसं. त्या गर्दीत बहुसंख्य होत्या शाळा-कॉलेजातल्या मुली, शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या मांगाच्या वेड्या वाचक. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांसारखं पदरचे पैसे घालून छापायचं आणि आपल्यासारख्याच चार वेड्यांना विकायचं, हा उद्योग या मुलींनी पहिल्या दिवसापासून केला. म्हणजे स्त्रिया या संस्कृतीत मागाहून आलेल्या पाहुण्या नाहीत, त्या पायाभरणीला हजर होत्या. पण १९८९ मध्ये एका खूनसत्रातल्या आरोपीला माध्यमांनी ओताकू म्हटलं आणि त्यानंतर या शब्दाला जी काळी छटा चिकटली ती पुरुषाच्या चेहऱ्याची, आणि २००५ च्या सुमारास 'देन्शा ओतोको' या लाजऱ्या ओताकूच्या प्रेमकथेमुळे ओताकू लोकांना गोड वाटायला लागला तोही पुरुषच. मुली दोन्ही वेळा चित्राबाहेर. त्याचा एक परिणाम असा की मुलींना लपणं सोपं गेलं. ऑफिसात नीटनेटकी, हसरी, सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारी मुलगी शनिवारी इकेबुकुरोच्या ओतोमे रोडवर पिशव्या भरभरून दोजिन्शी (हौशी मंडळींनी स्वतः छापलेले मांगा) घेत असेल, असा संशयही कुणाला यायचा नाही. या लपण्यातूनच रोमँटिक कॉमेडीला तिचा कच्चा माल मिळाला.

फुजोशी, म्हणजे पुरुषा-पुरुषांमधल्या प्रेमकथा आवडीने वाचणाऱ्या आणि रचणाऱ्या मुली, २००६ च्या आसपास मोठ्या वाचकवर्गाला माहीत झाल्या. गंमत अशी की त्या माहीत झाल्या त्यांच्या प्रियकरांच्या तोंडून. कोजिमा आजिको यांची चार चौकटींची 'तोनारी नो याओई-चान' किंवा पेंताबू या नावाने लिहिणाऱ्या तरुणाची 'फुजोशी कानोजो', दोन्हींत सांगणारा पुरुष आहे. माझी मैत्रीण अशी वेडी आहे, मी असा गोंधळतो, तरी ती मला आवडते, असा सूर. याओई-चानच्या अंगातला छंद उसळला की तिच्यातून एक हिरवा केसाळ प्राणी बाहेर येतो. (तो प्राणी मुळात क्योतोच्या एका बाजारपेठेचं बोधचिन्ह. त्या बाजाराच्या नावात ८०१ हा आकडा आहे आणि जपानीत तो याओई असा वाचता येतो, म्हणून तो उचलला.) मला ही पुस्तकं गोड वाटतात, त्यांत कुचेष्टा नाही. पण मुलगी आतून काय विचार करते ते तिथे कळत नाही. ती कायम कोडं असते आणि तो कायम सोशिक. तुम्ही जी तक्रार केली आहे तिचं मूळ चष्म्यापेक्षा इथे जास्त आहे, असं मला वाटतं. बघणारा दुसराच कुणी असेल तर मुलीचा छंद विक्षिप्तपणाच दिसणार.

हे चित्र ठळकपणे पालटलं ते फुजिता यांच्या 'वोताकु नि कोई वा मुझुकाशी'ने, म्हणजे वाचकांच्या तोंडी बसलेल्या 'वोताकोई'ने. २०१४ मध्ये पिक्सिव्ह या चित्रांच्या संकेतस्थळावर सुरू झालेली ही मालिका पुढे इचिजिनशाकडून पुस्तकरूपात आली आणि २०२१ मध्ये अकराव्या खंडात संपली. नारुमी मोमोसे २६ वर्षांची आहे. आधीच्या कंपनीतल्या प्रियकराला तिचं ओताकूपण कळलं, त्याने तिला सोडलं, म्हणून तिने नोकरी बदलली आहे. नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी लहानपणचा मित्र हिरोताका भेटतो आणि सहकाऱ्यांसमोर, अगदी सहज, यंदाच्या कॉमिकेटचं काय करणार असं विचारतो. नारुमीचा चेहरा त्या चौकटीत बघा. हसू ओठांवर तसंच आहे आणि डोळ्यांतला जीव गेलाय. कॉमेडी म्हणून ते उत्तम आहेच, पण नोकरी, अब्रू आणि नवी सुरुवात एका वाक्यावर टांगली गेली की माणूस कसा दिसतो, तेही त्यात आहे.

मग दोघं इझाकाया या जपानी बारमध्ये बसतात. नारुमी बियर पीत रडगाणं गाते. हिरोताका ऐकून घेतो आणि म्हणतो, मग माझ्याशी जमव की. पाठोपाठ जे सांगतो ते महत्त्वाचं: कॉमिकेटला तुझ्या स्टॉलवर मदत करीन, गेममध्ये तुझी लेव्हल वाढवून देईन. प्रेमाची कबुली आहे ही, आणि तिच्यात चंद्र-तारे नाहीत, कामाची यादी आहे. मी वर्गात हा प्रसंग वाचून घेते तेव्हा काही जण म्हणतात, यात रोमँटिक काय? माझं म्हणणं असं की त्याने तिचा वेळ ओळखला. हौशी मांगाकार असणाऱ्या बाईचं वर्ष ऑगस्ट आणि डिसेंबर या दोन कॉमिकेटांभोवती फिरतं. छापखान्याची शेवटची तारीख तोंडावर आली की दिवसा नोकरी आणि रात्री चित्रं. त्या दिवसांत सिनेमाला चल म्हणणारा प्रियकर काय कामाचा? पट्टीने चौकटी आखून देणारा, स्टॉलवर सुटे पैसे मोजून देणारा हवा. इथे छंद माफ करण्याचा विषयच निघत नाही, कामाची वाटणी निघते.

'वोताकोई'चं आणखी एक मला फार आवडतं. नारुमी स्वतः ओताकू असून ओताकू पुरुषांना नाक मुरडते. जगाने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर तिने पचवली आहे. फुजिता तिला यासाठी झोडपत नाहीत आणि तिची वकिलीही करत नाहीत, हळूहळू उलगडू देतात. दोघं एकदा करमणूक उद्यानात 'सामान्य' जोडप्यासारखी डेट करायची ठरवतात. नियम असा की ओताकूपणाची गोष्ट निघाली की दंड. दोघंही मुकाट चालतात, दोघंही अवघडतात. माणसं काय बोलतात हे काढून घेतलं तर त्यांच्यात काय उरतं, याची ती परीक्षाच आहे. उत्तर फार हळुवारपणे येतं, ते तुम्हीच वाचा.

याच मालिकेत कोयानागी हानाको आहे, कॉसप्ले करणारी, म्हणजे पात्रांसारखे पोशाख घालून सजणारी, बहुतेक वेळा पुरुष पात्रांचे. तिचं आणि तिचा प्रियकर काबाकुरा याचं भांडण पानोपानी चालतं. नायिकेला बरोबरीची, वेगळ्या आवडीची, तिच्याआधी प्रेमात पडलेली मैत्रीण दिली की कथा मोकळा श्वास घेते. दोघी एकमेकींशी ज्या वेगाने, ज्या शब्दांत बोलतात ते त्या प्रियकरांशी बोलतच नाहीत. एन-३ वाल्यांसाठी ही मालिका या कारणाने सोन्याची खाण आहे. नारुमी साहेबांशी बोलते ती केइगो, म्हणजे आदरार्थी भाषा, हिरोताकाशी बोलते ती तुटक घरगुती भाषा आणि हानाकोशी बोलते ती ओताकू बोली, तिन्ही कधीकधी एकाच पानावर. त्या तीन भाषा वेगळ्या ऐकू यायला लागल्या की लपणं म्हणजे काय ते व्याकरणातून कळतं.

आता जरा मागे जाते, कारण 'वोताकोई'ची हलकीफुलकी वाट ज्याने आधी चालून ठेवली तो लेखक पुरुष आहे आणि त्याची मालिका सरळसोट रोमँटिक कॉमेडीही नाही. किओ शिमोकू यांचं 'गेनशिकेन', २००२ ते २००६, 'आफ्टरनून' मासिकात, नऊ खंड. विद्यापीठातल्या ओताकू मंडळाची गोष्ट. ओगिउए चिका त्यात येते ती 'ओताकूंचा तिरस्कार करणारी ओगिउए' अशी स्वतःची ओळख करून देत. शाळेत असताना तिने स्वतःच्याच मित्राला नायक करून पुरुषांमधल्या प्रेमाची चित्रं काढली होती. ती चित्रं त्या मुलापर्यंत पोचली, त्याने शाळा सोडली आणि ओगिउएच्या मनात एक गोष्ट कायमची रुतली: माझी आवड माणसांना इजा करते. त्यानंतरचा तिचा सगळा ताठा, सगळा तुसडेपणा यातून येतो.

मंडळातला सासाहारा तिच्या प्रेमात पडतो तेव्हा ती त्याची परीक्षा घेते. त्याच्यावरच तिने काढलेली मांगा ती त्याच्या हातात ठेवते आणि आता वाच म्हणते. ती पानं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. मोठा संवाद नाही. खोलीत दोघं, त्याच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा, तो एकेक पान उलटतोय, ती त्याच्याकडे बघू शकत नाही. किओ शिमोकू घाई करत नाहीत, पानं उलटण्याचा वेळ वाचकालाही घालवायला लावतात. सासाहारा शेवटपर्यंत वाचतो आणि उठून जात नाही. एखाद्याने आपल्याला 'तू आवडतेस' म्हणणं आणि आपण काढलेलं सगळं बसून वाचणं यातलं अवघड कुठलं, हे त्या प्रकरणात दिसतं. ओताकू स्त्रीच्या प्रेमाबद्दल यापेक्षा खरं पान मी वाचलेलं नाही.

त्याच मालिकेत ओनो आणि तानाकाची जोडी आहे. तो पोशाख शिवतो, ती घालते, मापं घेता घेता जवळीक वाढते. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

'कुरागेहिमे' म्हणजे 'प्रिन्सेस जेलीफिश' वाचल्याशिवाय मात्र या विषयावर बोलूच नये. हिगाशिमुरा आकिको, 'किस' मासिक, २००८ ते २०१७, १७ खंड, २०१० चा कोदान्शा मांगा पुरस्कार. तोक्योतल्या आमामिझुकान नावाच्या जुन्या घरात फक्त बायका राहतात आणि पुरुषांना दार बंद. त्सुकिमीला जेलीफिशचं वेड, बान्बाला रेल्वेचं, मायायाला तीन राज्यांच्या चिनी इतिहासाचं, चिएकोला किमोनो आणि बाहुल्यांचं, जिजीला म्हाताऱ्या पुरुषांचं. मेजिरो सेन्सेई तर खोलीबाहेरच येत नाहीत, दाराखालून चिठ्ठ्या सरकवतात. इथे ओताकू म्हणजे मांगा-अॅनिमेपुरतं नाही हे पहिल्याच प्रकरणात कळतं आणि विषय एकदम मोठा होतो. कुठल्याही गोष्टीवर जीव टाकणाऱ्या, त्यापायी जगाला नकोशा झालेल्या बायका, असा तो विषय आहे. नटलेल्या, फॅशनेबल माणसासमोर या सगळ्या अक्षरशः दगड होतात.

तुमच्या चष्म्याच्या तक्रारीला खरं उत्तर इथे आहे. राजकारण्याचा मुलगा कुरानोसुके, जो हौसेने बायकांचे कपडे घालून फिरतो, त्सुकिमीचा कायापालट करतो आणि त्याचा मोठा भाऊ शू त्या नटलेल्या त्सुकिमीच्या प्रेमात पडतो. नेहमीची कथा इथेच संपली असती. हिगाशिमुरा मात्र विचारतात, तो प्रेमात पडला कुणाच्या? चष्मेवाली त्सुकिमी समोर आली तर शू तिला ओळखतही नाही, आणि हा विनोद हळूहळू दुखायला लागतो. कुरानोसुकेचं म्हणणं आणखी वेगळं आहे. घर पाडून तिथे पुनर्विकास करायचं घाटतंय, माणसं कपड्यांवरून किंमत करतात, तेव्हा लढायचं असेल तर चिलखत चढवा. सौंदर्य हे प्रेमाचं बक्षीस म्हणून येत नाही, वाटाघाटीचं हत्यार म्हणून येतं. मी हे वाचलं तेव्हा थक्क झाले होते, आजही होते.

पुढे त्सुकिमीची जेलीफिशची रेखाटनं पोशाखांचे नमुने होतात. लहानपणी आईबरोबर मत्स्यालयात पाहिलेले ते पारदर्शक झुलते घेर, नवरीच्या पोशाखासारखे, तेच आता कापडात येतात. चिएकोची शिलाई कामाला येते, उंच मायाया मॉडेल होते. घर वाचवायला पैसे लागतात आणि ते या बायका आपल्या वेडातूनच उभे करायला निघतात. इथे छंद प्रेमाच्या आड येत नाही आणि प्रेमाने उजळूनही निघत नाही. त्याचा स्वतःचा मार्ग आहे, प्रेम त्या मार्गावर कधी शेजारी चालतं, कधी मागे पडतं. शेवटची काही पुस्तकं मला थोडी घाईची वाटतात, फॅशनच्या व्यवसायातली वळणं जास्त झाली आहेत. तरीही माझ्या कपाटात हीच मालिका हाताला लागेल अशी ठेवलेली असते.

याउलट जुन्को यांची 'वाताशी गा मोतेते दोसुन्दा', म्हणजे 'किस हिम, नॉट मी'. २०१३ ते २०१८, 'बेस्सात्सु फ्रेंड', हिलाही २०१६ चा कोदान्शा पुरस्कार मिळाला. काए सेरिनुमा जाडजूड फुजोशी आहे. तिचं लाडकं अॅनिमे पात्र मरतं, ती खोलीत कोंडून घेते आणि बाहेर येते ती बारीक आणि सुंदर होऊन. चार मुलगे मागे लागतात. तिला वाटतं, माझ्यामागे कशाला लागता, एकमेकांवर प्रेम करा ना! हा विनोद खरोखर चांगला आहे, कारण त्यात मुलगी बघणारी आहे आणि मुलगे बघितले जाणारे. जुन्को स्वतः बीएल (पुरुषांमधल्या प्रेमाच्या) मांगा काढणाऱ्या आहेत, त्यामुळे काएच्या डोक्यातली आतषबाजी उसनी वाटत नाही. पण जाडी उतरल्यावरच दखल घेतली जावी, ही गोष्टीची किल्ली मला खटकते, आणि वर्गातल्या मुलींनाही खटकते. लेखिकेला ते जाणवलं असावं. काए बदलून आल्यावर तिला लगेच ओळखणारा आणि दोन्ही रूपांत तिच्याशी सारखाच वागणारा मुत्सुमी सेन्पाई शेवटी तिच्याजवळ उरतो. हिशोब चुकता करायचा प्रामाणिक प्रयत्न आहे तो, पण वजनाच्या विनोदांनी आधी दुखावलेल्या वाचकाला तो पुरेल असं नाही.

फुकुदा शिनइची यांची 'सोनो बिस्क डॉल वा कोई ओ सुरु' २०१८ मध्ये 'यंग गानगान'मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये संपली. तानाका-ओनोची कल्पना इथे संपूर्ण कथा होते. किताजावा नव्हे, कितागावा मारिन, हे नाव वर्गात हमखास चुकतं. ती शाळेतली सर्वांत उठून दिसणारी मुलगी आणि मनापासून ओताकू. गोजो हिना बाहुल्यांचे चेहरे रंगवायला शिकणारा, इवात्सुकीचा, जिथे बाहुल्यांची परंपरा खरोखरच जुनी आहे. मारिन काहीही लपवत नाही. लपतो तो मुलगा, कारण मुलगा असून बाहुल्या आवडतात म्हणून लहानपणी त्याला हिणवलं गेलंय. ही उलटापालट फार मोलाची आहे. पहिल्या पोशाखाच्या वेळी गोजो गैरसमजाने स्वतःवर दोन आठवड्यांची मुदत लादून घेतो, आजोबा इस्पितळात, परीक्षा चालू, तरी पोशाख पुरा करतो. मारिनला हे कळतं तेव्हा ती आनंदाने उड्या मारण्याऐवजी रडते, माफी मागते. शिवणाऱ्याच्या श्रमाची किंमत घालणारी नायिका विरळा. एक मात्र आधीच सांगते, मासिक तरुण पुरुषांचं आहे आणि पात्रं शाळकरी असूनही अनेक चौकटी त्या वाचकांच्या नजरेसाठी काढल्या आहेत. मला ते आवडत नाही, आणि या कारणाने कुणी मालिका बाजूला ठेवली तर मी आग्रह करत नाही.

हिराओ आउरी यांच्या 'ओशी गा बुदोकान इत्तेकुरेतारा शिनु'बद्दल थोडंच सांगते. एरिपियो नावाची तरुणी गावातल्या छोट्या आयडॉल गटातल्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या गटातल्या माइनासाठी पगार उधळते, स्वतः शाळेचा लाल ट्रॅकसूट घालते, आणि सीडी विकत घेऊन मिळालेल्या काही सेकंदांत तिला नीट एक वाक्य बोलता येत नाही. माइनालाही तिच्याशी बोलायचंय, तिलाही जमत नाही. प्रियकर नाहीच, दोन मुली आणि मधलं टेबल. गाव आहे ओकायामा, ज्याच्या कोराकुएन बागेवरून पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बांधलं. 

आता कुठून सुरुवात करायची. एन-३ ला मी 'वोताकोई' पहिल्यांदा देते, सुटी सुटी प्रकरणं आहेत आणि ऑफिसची भाषा पुढे नोकरीतही उपयोगी पडते. कांजींवर (चिनी अक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरात उच्चार, हवाच असेल तर शोजो मासिकातली 'किस हिम, नॉट मी' सोपी जाईल, वर सांगितलेली खटक मनात ठेवून. 'कुरागेहिमे'त मायाया तीन राज्यांच्या थाटात आरडाओरडा करते, तिथे अडखळाल, तेवढं सोडून पुढे जा. ज्यांना भाषेपेक्षा गोष्टच हवी आहे त्यांनी 'कुरागेहिमे'चं इंग्रजी भाषांतर घ्यावं. 'गेनशिकेन' शेवटी घ्या, पण घ्याच. ओगिउए पहिल्या खंडांत नाही, मधेच येते, आणि आधीची पानं मंडळातल्या मुलांच्या रटाळ गप्पांनी भरलेली आहेत. त्या गप्पा गाळू नका. ती त्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवते तेव्हा कुणाकुणासमोर उभी आहे, हे माहीत असायला हवं.